कपाशीपासून पपईपर्यंत : मित्रकीटकांच्या साहाय्याने कीड आवरण्याची खानदेशातील पद्धत

ऑगस्टमध्ये कपाशीचे पान उलटून पाहिले, तर माव्याच्या गर्दीत काळपट रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीसारख्या आकाराची एक चपळ अळी हमखास दिसते. अनेक जण तिला नवी कीड समजून त्याच संध्याकाळी पंप भरतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातूनही हे घडले आहे. प्रत्यक्षात ती ढालकिड्याची अळी असते आणि कोषात जाईपर्यंत ती काही शे मावा फस्त करते. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा प्रौढ ढालकिडा सर्वांच्या ओळखीचा असतो; मात्र त्याचे हे रूप ओळखीचे नसल्याने आपण आपल्याच राखणदारावर विष टाकतो. म्हणून मित्रकीटकांच्या आधारे शेती करू पाहणाऱ्याने सर्वप्रथम पान उलटून पाहण्याची आणि दिसलेल्या जीवाला ओळखण्याची सवय लावून घ्यावी, बाकीची सामग्री नंतर घ्यावी.

एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणजे चिकट सापळे, कामगंध सापळे, निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड या वस्तूंची खरेदी, असा समज दुकानांमुळे रुजला आहे. (कामगंध सापळे म्हणजे गंधाने पतंगांना ओढणारे सापळे; ट्रायकोकार्ड म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणाऱ्या माशीचे कार्ड.) खरे तर ती कामांची उतरंड आहे. किडीला राहायला जागा मिळू न देणे हे पहिले काम, तिची संख्या मोजणे हे दुसरे, वावरात आपोआप येणाऱ्या मित्रकीटकांना जगू देणे हे तिसरे, ते कमी पडल्यास बाहेरून आणून सोडणे हे चौथे, आणि रासायनिक औषध हे अगदी शेवटचे. या क्रमात माझ्या मते सर्वाधिक वजन तिसऱ्या कामाला आहे, कारण त्याला पैसा लागत नाही, फक्त हात आवरावा लागतो.

पेरणीपूर्वी

खानदेशात कपाशीचा विचार गुलाबी बोंडअळीपासूनच करावा लागतो. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले, आणि पुढच्या दशकभरात गुलाबी बोंडअळीने दोन्हींना पचवले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. ही अळी कैरीच्या, म्हणजे कपाशीच्या हिरव्या बोंडाच्या, आत शिरली की वरून केलेली कोणतीही फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला गाठण्याचे टप्पे दोनच आहेत : कैरीत शिरण्यापूर्वीची अंडी व नुकतीच निघालेली अळी, आणि हंगाम संपल्यानंतर सुप्तावस्थेत पडून राहिलेली अळी.

दुसरा टप्पा स्वस्त आहे, तरीही तो सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. कपाशी सोडली तर या अळीला आपल्याकडे भरवशाचे दुसरे पीक नाही. भेंडी-अंबाडीवर ती क्वचित आढळते. त्यामुळे वावरात काही महिने कपाशीच नसली, तर तिची साखळी तुटते. फरदड घेणारा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पाणी देऊन पुढे राखणारा शेतकरी नेमकी हीच साखळी जोडून देतो. डिसेंबरअखेर वेचणी संपवून शेळ्या-मेंढ्या वावरात सोडाव्यात, म्हणजे उरलेल्या कैऱ्या त्या खाऊन टाकतात. नंतर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, उपटून त्यांचे बारीक तुकडे करून कुजवावेत किंवा सरपणासाठी हव्या असल्यास लवकर वापरून संपवाव्यात, कारण पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर जूनपर्यंत पडून राहिला की त्यातील वाळलेल्या कैऱ्यांतून, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपलेल्या अळ्यांचे पतंग पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात. त्यानंतर उन्हाळी खोल नांगरट करावी. आपल्याकडचे ऊन जमिनीतील कोषांसाठी पुरेसे कडक असते.

पूर्वहंगामी लागवड हा नाजूक प्रश्न आहे. विहिरीला पाणी असले की आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटताच मे महिन्यात सरकी टोचायची, ही तापीकाठची जुनी रीत आहे आणि लवकर कापूस हाती येण्याचे तिचे आकर्षणही खरे आहे. परंतु मेमध्ये लावलेली कपाशी जुलैत फुलते, आणि सुप्तावस्थेतून उठलेल्या पतंगांना अंडी घालण्यासाठी नेमकी तीच फुले मिळतात. तेथे वाढलेली पिढी शेजारच्या जूनच्या कपाशीवर उतरते. एकट्याने लागवड पुढे ढकलून फारसा उपयोग होत नाही. शिवारातील निदान लगतच्या शेतकऱ्यांनी एकत्र ठरवले तरच फरक दिसतो.

लागवडीच्या वेळीच मित्रकीटकांच्या राहण्याची सोय करून ठेवावी. कपाशीत मूग किंवा उडीद घेण्याची आपली पद्धत या दृष्टीनेही चांगली आहे. बांधालगत चवळीची एक ओळ आणि अधूनमधून मका व झेंडू लावावा. चवळीवर येणारा काळा मावा मुख्यतः शेंगावर्गीय पिकांवरच नांदतो, म्हणून तो पाहून घाबरू नये. त्याच्यावर वाढलेले ढालकिडे पुढे कपाशीवर येतात. चवळीवर फवारणी मात्र कधीही करू नये. बांध तणनाशकाने पार स्वच्छ करण्याची हल्लीची हौस मला पटत नाही, कारण इवल्या परोपजीवी गांधीलमाश्यांना फुलांतील मध लागतो आणि पीक फुलण्याआधी तो त्यांना बांधावरच मिळतो. गाजरगवत मात्र काढावे. त्यावर मातकट रंगाचे, पट्टेरी पाठीचे भुंगे दिसल्यास त्यांना हात लावू नये. ते गाजरगवत खाण्यासाठीच १९८४ मध्ये मेक्सिकोतून भारतात आणलेल्या भुंग्यांचे वंशज आहेत.

पहिले साठ दिवस

कपाशीच्या बहुतेक बियाण्यांना कंपनीनेच कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते आणि तिच्यामुळे साधारण महिनाभर रसशोषक किडी आटोक्यात राहतात. त्यानंतर तुडतुडे, मावा आणि फुलकिडे दिसू लागतात. तेवढ्यात शेजाऱ्याने फवारले, दुकानदाराने दोन औषधे एकत्र करून दिली, आणि आपण पस्तिसाव्या दिवशी पहिली फवारणी केली, असेच बहुधा होते. या एका फवारणीमुळे संपूर्ण हंगामाचे गणित बिघडते, कारण मावा दहा-बारा दिवसांत पुन्हा भरतो, तर ढालकिडे, क्रायसोपा (मावा खाणारा जाळीदार पंखांचा कीटक) आणि कोळी यांना तेवढी संख्या गाठायला बराच अधिक काळ लागतो. विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे सुरुवातीच्या काळात वापरली की पुढे पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण उसळतात.

म्हणून पहिले साठ दिवस, म्हणजे जूनच्या मध्यावर लावलेल्या कपाशीसाठी साधारणपणे श्रावणातील कानबाईचा उत्सव होऊन जाईपर्यंत, विषारी औषध न फवारण्याचा निश्चय करावा. या काळात नत्र बेताने द्यावे. युरियाने गडद हिरव्या झालेल्या लुसलुशीत पानांवर तुडतुडे अधिक जमतात. फारच आवश्यकता भासल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळी भरडून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखालून वेचून सावलीत वाळवलेल्या असाव्यात. बुरशी लागलेल्या किंवा वर्षाहून जुन्या निंबोळ्यांत जोर राहत नाही. फवारणी सायंकाळी करावी, कारण उन्हात यातील घटक लवकर निष्प्रभ होतो. निंबोळी अर्काने कीड तडफडून मरत नाही, तिचे खाणे आणि अंडी घालणे मंदावते. दुसऱ्या दिवशी जिवंत किडी पाहून निराश होणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

मोजणी

आठवड्यातून एकदा सकाळी वावरात नागमोडी चालत जावे, २० झाडे निवडावीत आणि प्रत्येक झाडाचे वरचे, मधले व खालचे असे एकेक पान उलटून पाहावे. तुडतुडे पानामागे सरासरी दोन ते तीन, मावा दहा, फुलकिडे दहा किंवा पांढरी माशी आठ ते दहा, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. त्याखालील संख्येसाठी केलेल्या फवारणीचा खर्च उत्पन्नातून वसूल होत नाही. त्याच वेळी मित्रकीटकही मोजावेत : ढालकिडा व त्याची अळी, क्रायसोपाची केसासारख्या देठाच्या टोकावर उभी असलेली पांढरट अंडी, सिरफिड माशीची डोके नसल्यासारखी दिसणारी अळी, कोळी. दोन किडींमागे एक मित्रकीटक दिसत असेल, तर थांबावे, हा ढोबळ नियम आहे. तो मी आंधळेपणाने पाळत नाही, परंतु निर्णय डळमळीत झाल्यावर त्याचा आधार होतो. माव्यातील काही किडे फुगून तपकिरी आणि कडक झालेले दिसले, तर त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशी वाढत आहे असे समजावे. अशा वावरात आठवडाभर वाट पाहिल्यास बहुधा फवारणी लागत नाही.

गुलाबी बोंडअळीसाठी मोजणीची रीत वेगळी आहे. लागवडीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावावेत, आणि पीक वाढेल तसे तेही वर सरकवावेत. या अळीसाठी गॉसिप्ल्यूर हे ल्यूर (सापळ्यातील गंधाचे आमिष) लागते आणि हिरव्या बोंडअळीसाठी हेलिल्यूर. एकाच सापळ्यात दोन्ही टाकल्यास मोजणीला अर्थ उरत नाही. ल्यूर पाकिटावर दिलेल्या मुदतीत बदलावे. मुदत संपलेल्या ल्यूरच्या सापळ्यात पतंग येत नाहीत आणि शेतकरी कीड नाही म्हणून निर्धास्त राहतो. प्रत्येक सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर धोक्याची पातळी ओलांडली असे मानावे.

सापळ्याची साक्ष पुरेशी नसते. फुले लागल्यावर डोमकळ्या शोधाव्यात; पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या फुलात अळी हमखास सापडते. अशा डोमकळ्या तोडून खिशात किंवा पिशवीत घालाव्यात आणि बाहेर नेऊन नष्ट कराव्यात, तिथेच सरीत टाकू नयेत. पुढे कैऱ्या धरल्यावर एकरातील वेगवेगळ्या झाडांवरून मध्यम आकाराच्या २० हिरव्या कैऱ्या आणून पारावर बसून चिरून पाहाव्यात. बाहेरून कैरी निर्मळ दिसते, कारण अळी अगदी लहान असताना शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. २० पैकी दोन कैऱ्यांत अळी किंवा तिचे खाणे दिसले, म्हणजेच १० टक्के प्रादुर्भाव आढळला, की उपाय करावा. २० कैऱ्या चिरून वाया घालवणे अनेकांच्या जिवावर येते. परंतु त्या २० कैऱ्यांच्या कापसाची किंमत एका पंपाच्या औषधाइतकीही नसते.

ट्रायकोकार्ड कसे लावावे

ट्रायकोग्रामा ही एक मिलिमीटरपेक्षाही लहान गांधीलमाशी आहे. ती पतंगांच्या अंड्यात आपले अंडे घालते, आणि त्या अंड्यातून अळीऐवजी तिचीच पुढची पिढी बाहेर पडते. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात वापरतात, तर हिरव्या बोंडअळीसारख्या किडींसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस. मागणी करताना जात सांगूनच कार्ड घ्यावे. कार्डावर तांदळातील पतंगाची परोपजीवीयुक्त अंडी चिकटवलेली असतात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात आणि कपाशीसाठी एकरी सुमारे ६० हजार, म्हणजे तीन कार्डे लागतात.

कार्ड केव्हा लावावे, यावर सर्व यश अवलंबून आहे. सापळ्यात पहिले पतंग सापडू लागले आणि पिकाला पात्या (कळ्या) व फुले लागली, हा योग्य काळ. आपल्याकडे तो बहुतेक वेळा पोळ्याच्या आगेमागे येतो. कैऱ्यांत अळ्या दिसू लागल्यानंतर कार्ड लावणे म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घालण्यासारखे आहे, कारण ही माशी फक्त अंडी ओळखते. आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा कार्डे लावावीत.

कार्ड आणताना ते उष्णतेपासून जपावे. जळगावहून एसटीने आणताना खिडकीच्या उन्हात ठेवलेले किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापलेले कार्ड वावरात पोहोचेपर्यंत निकामी होते. थर्माकोलच्या डब्यात, कागदात गुंडाळून ते आणावे. त्याच दिवशी लावणे जमत नसेल, तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दहा अंशांच्या आसपास काही दिवस ठेवता येते. बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. एकदा मला मिळालेल्या कार्डांतून एकही माशी बाहेर आली नाही, आणि हे महिनाभराने, कैऱ्या चिरल्यावर कळले. तेव्हापासून मी प्रत्येक खेपेची एक पट्टी काचेच्या बाटलीत कापसाचा बोळा लावून घरात सावलीत ठेवतो. अंडी काळी पडलेली असणे ही पहिली खूण, आणि त्यांना बारीक गोल छिद्रे पडून बाटलीत काळ्या धुळीसारखे ठिपके हलू लागणे ही दुसरी.

कार्ड रेषांवरून कापून त्याच्या पट्ट्या कराव्यात आणि सायंकाळी किंवा भल्या सकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने किंवा स्टेपलरने लावाव्यात, म्हणजे ऊन व पाऊस थेट लागत नाही. ही माशी काही मीटरपलीकडे फारशी जात नाही. म्हणून सगळ्या पट्ट्या बांधाजवळ न लावता वावरभर सारख्या अंतरावर पसराव्यात. मुंग्या पट्टीवरील अंडी पळवतात, त्यामुळे वारूळाजवळचे झाड टाळावे. कार्ड लावण्यापूर्वी आणि नंतर निदान आठवडाभर कोणतेही कीटकनाशक फवारू नये.

औषध लागलेच तर

मोजणीने पातळी ओलांडल्याचे दाखवले आणि मित्रकीटक कमी दिसले, तर रासायनिक औषध वापरण्यात गैर काही नाही. एका वेळी एकच औषध, लेबलवर त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी सांगितलेल्या मात्रेत घ्यावे, आणि पुढच्या वेळी औषधाचा रासायनिक गट बदलावा. कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि टॉनिक एकाच टाकीत कालवण्याची पद्धत पूर्णपणे सोडावी. व्हर्टिसिलियम किंवा मेटारायझियम यांसारखी जैविक औषधे म्हणजे जिवंत बुरशीच असल्याने बुरशीनाशकासोबत ती मरतात. शिवाय त्यांना हवेत ओलावा लागतो, त्यामुळे श्रावण-भाद्रपदात ती चांगली चालतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पैसे वाया जातात.

हरभरा आणि मका

कपाशीत उपयोगी पडणारे ट्रायकोकार्ड हरभऱ्यात फारसे चालत नाही, आणि त्याचे कारण आपल्या आजीला ठाऊक होते : हरभऱ्याची आंब. पानांवरील लवेतून पाझरणारे हे आंबट द्रव या इवल्या माशीला सोसत नाही. तेथे घाटेअळीसाठी दुसरी माणसे कामाला लावावी लागतात. एकरी दहा-वीस पक्षीथांबे रोवले, की साळुंक्या आणि कोतवाल सकाळी अळ्या वेचतात. ज्वारीचे किंवा दादरचे (रब्बी ज्वारीचे) थोडे दाणे पेरणीतच टाकून ठेवल्यास आयतेच थांबे उभे राहतात. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागताच एचएएनपीव्ही हे विषाणूचे औषध हेक्टरी २५० ते ५०० एलई (अळी-समतुल्य, हे या औषधाचे माप) या मात्रेत, थोडी कपड्याची नीळ मिसळून, सायंकाळी फवारावे. नीळ विषाणूला उन्हापासून वाचवते. ते लहान अळ्यांवरच परिणामकारक असते. चार-पाच दिवसांनी रोगट अळ्या शेंड्यावर चढून उलट्या लटकलेल्या दिसतात. त्या काढून टाकू नयेत, कारण त्यांच्यातूनच रोग पसरतो.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि वर्षभरात आपल्याकडे पोहोचली. पानावरील लोकरीसारख्या आवरणाची अंडीपुंज चुरडणे आणि पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) बारीक वाळू व चुना ९:१ प्रमाणात टाकणे हे लहान क्षेत्रासाठी पुरेसे उपाय आहेत. सप्टेंबरच्या झडीत अळ्या पांढऱ्या, नंतर हिरवट होऊन पोंग्यातच वाळलेल्या दिसल्या, तर ते निसर्गतः वाढलेल्या बुरशीचे काम समजावे आणि फवारणी थांबवावी.

केळी आणि पपई

मित्रकीटकांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रावेर, यावल, चोपडा भागात केळीच्या कोवळ्या बागांवर येणारा कुकुंबर मोझॅक हा विषाणूरोग मावा पसरवतो. मावा काही क्षण सोंड खुपसतो तेवढ्यात विषाणू झाडात जातो. ढालकिड्याने नंतर तो मावा खाल्ला किंवा औषधाने मारला, तरी झाड वाचत नाही. तेथे पिवळे पट्टे दिसलेले झाड कंदासह उपटून बांधाबाहेर गाडणे, बागेजवळ काकडी, भोपळा, टरबूज न लावणे आणि निरोगी रोपे आणणे एवढेच हाती असते. पपईवरील रिंगस्पॉट विषाणूचेही असेच आहे.

पपईवरील पिठ्या ढेकणाची कथा मात्र याच्या अगदी उलट आहे. बाहेरून आलेली ही कीड २००८ मध्ये कोइम्बतूरला आढळली आणि पाहता पाहता पपईच्या बागा पांढऱ्या पडू लागल्या. औषधे मेणचट आवरणामुळे लागू होईनात. २०१० मध्ये तिचे नैसर्गिक शत्रू पोर्टो रिकोहून बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेत आणून वाढवले गेले, आणि त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपायी या गांधीलमाशीने अल्पावधीत कीड खाली आणली. शहादा-तळोद्याच्या बागांत पिठ्या ढेकूण दिसला, तर आधी फळाच्या देठाशी भिंगाने पाहावे. काही ढेकूण तपकिरी, फुगीर होऊन वाळलेले आणि एका टोकाला गोल छिद्र पडलेले असतील, तर ही माशी बागेत आहे. अशा बागेत फवारणी करू नये. फक्त झाडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण ढेकणाच्या चिकट स्रावासाठी त्या त्याची राखण करतात आणि माशीला जवळ येऊ देत नाहीत. शेजारच्या बागेत कीड आहे पण माशी नाही, असे आढळल्यास छिद्र न पडलेले, तपकिरी ढेकूण असलेली दोन-चार पाने कागदी पिशवीत घालून सायंकाळी तेथे न्यावीत आणि किडलेल्या झाडाच्या फांदीच्या बेचक्यात, सावलीच्या बाजूला, सैल दोरीने बांधून ठेवावीत.